खाऱ्या पाण्याच्या टाकीची सायकल अडकली? कोकण किनाऱ्यावर काय, कोणत्या क्रमाने तपासायचं

मासे आणि प्रवाळांसाठीची खाऱ्या पाण्याची टाकी भरून महिना होत आला. मासे सोडण्याआधी तिच्यात सायकल व्हावी लागते, म्हणजे अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे बॅक्टेरिया बसावे लागतात. दगड, वाळू, पंप सगळं जागेवर आहे, बॅक्टेरियाची बाटलीही ओतून झाली, आणि तरी खालीलपैकी एखादं लक्षण दिसतंय:

– अमोनिया २ पीपीएमवर (लिटरला २ मिग्रॅ) चढला आणि तिथंच बसला. दहा दिवसांत रंग हललेला नाही.
– अमोनिया शून्यावर आला, पण नायट्राइटची चाचणी रोज तोच गडद जांभळा दाखवते.
– अमोनिया उतरतो आणि परत चढतो, विशेषतः लाइट जाऊन आल्यावर.
– काहीच चढत नाही. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट तिन्ही शून्य.
– पाणी दुधाळ आहे, किंवा वाळू हलवली की सडक्या अंड्याचा वास येतो.

दगडावर आणि काचेवर नुसता तपकिरी थर आला असेल तर तो दोष नाही. ते डायटम, म्हणजे सूक्ष्म शेवाळ आहे, नव्या टाकीत येतं आणि बहुधा आपोआप ओसरतं. तेवढ्यासाठी काहीही ओतू नका.

आता नेहमीची चाल कशी असते ते. कोरड्या दगडावर सुरू केलेली टाकी साधारण ३ ते ६ आठवडे घेते. पहिल्या दोनेक आठवड्यांत अमोनियाचं नायट्राइट करणारे बॅक्टेरिया बसतात. नायट्राइटचं नायट्रेट करणारे त्याहून सावकाश वाढतात, म्हणून नायट्राइटचा टप्पा लांबतो. तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट गडद दिसणं म्हणजे सायकल चालू आहे. टाकी खरोखर अडकलेली असते ती अशी: सलग दहा दिवस एकाही आकड्यात बदल नाही.

तपासणीला लागण्याआधी एक वही करा. तारीख, आकडे, काय ओतलं, किती पाणी बदललं, लाइट किती वेळ गेली. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि तीन दिवस थांबा. अडकलेल्या टाक्यांपैकी बऱ्याचशा अडकलेल्या नसतातच. घाबरून एकाच दिवशी नवी बाटली, अर्ध्या पाण्याचा बदल आणि नवा फिल्टर असं सगळं करून मालक स्वतःच तिला मागे ढकलतो.

पहिला हिशेब, फुकटातला

आजवर एकूण किती अमोनिया टाकला ते वहीतून मोजा. १ पीपीएम अमोनिया पूर्ण बदलला की त्यातून २.७ पीपीएम नायट्राइट तयार होतं. रोज २ पीपीएमचा डोस दहा दिवस दिला असेल, तर नायट्राइट ५४ पर्यंत जाऊ शकतं. चाचणीच्या किटमधली रंगांची पट्टी मात्र बहुधा ५ ला संपते. तुमच्या टाकीत ४० चं २० झालं असेल, आणि पट्टीवर दोन्ही दिवशी तोच जांभळा दिसेल. मालक म्हणतो अडकलं, टाकी मात्र आपलं काम करत असते.

उपाय सोपा आहे. टाकीचं १ मिलि पाणी आणि ताज्या मिसळलेल्या खाऱ्या पाण्याचे ९ मिलि एकत्र करून चाचणी घ्या, येईल त्या आकड्याला १० ने गुणा. आज एकदा आणि चार दिवसांनी एकदा. आकडा उतरत असेल तर अमोनिया टाकणं बंद करून वाट पाहा, इथून पुढचं वाचायची गरज नाही. नायट्राइट शिल्लक असताना नायट्रेटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. बऱ्याच किटमध्ये नायट्राइटमुळे नायट्रेट भलतंच जास्त दिसतं.

तिन्ही शून्य असतील तर उलटा हिशेब: बॅक्टेरियांना खायलाच दिलेलं नाही. कोरडा दगड आणि स्वच्छ पाणी नुसतं महिनाभर फिरवलं तर सायकल सुरूच होत नाही. प्रयोगशाळा दर्जाचं अमोनियम क्लोराइड घ्या. हाच आपला नवसागर, पण कल्हईवाल्याकडचा नवसागर शुद्ध नसतो, तो टाकीत नको. ६.३ ग्रॅम १ लिटर आरओ पाण्यात विरघळवा. या द्रावणाचा १ मिलि टाकीतल्या १ लिटर पाण्याला २ पीपीएम अमोनिया देतो, म्हणजे १०० लिटरला १०० मिलि. दगड-वाळू वजा करून पाण्याचं खरं माप धरा. १२० लिटरच्या टाकीत पाणी अनेकदा शंभरच लिटर असतं. अमोनिया ५ पीपीएमच्या वर गेला तर त्याच बॅक्टेरियांची वाढ मंदावते, तेव्हा जास्त टाकून लवकर होत नाही.

किट खरं बोलतंय का

वरचंच द्रावण इथंही उपयोगी पडतं. ताज्या खाऱ्या पाण्याची चाचणी घ्या, शून्य यायला हवं. मग त्याच पाण्याच्या १ लिटरमध्ये १ मिलि द्रावण टाकून पुन्हा घ्या, २ च्या आसपास यायला हवं. दोन्ही चुकले तर किट फेकून द्या. सॅलिसिलेटच्या (पिवळ्यावरून हिरव्याकडे जाणाऱ्या) किटवर ०.२५ चा फिकट हिरवा रंग कायम दिसत राहिला आणि ताज्या पाण्यातही तोच दिसत असेल, तर तो अमोनिया नाही.

कोकणातल्या दमटपणात पावडरीची किट आधी बिघडतात. गोळा झालेली पावडर मापात येत नाही. किट सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. रंग दिवसाच्या उजेडात, खिडकीशी, पांढऱ्या कागदापुढे पाहा. रीफच्या, म्हणजे प्रवाळांच्या टाकीच्या, निळ्या दिव्याखाली पिवळं आणि हिरवं ओळखू येत नाही. किट खाऱ्या पाण्यासाठी आहे का हेही खोक्यावर वाचा. अमोनिया ‘बांधणारं’ कंडिशनर ओतलं असेल तर बांधलेला अमोनियाही चाचणीत दिसत राहतो, त्यामुळे किट आणि टाकी दोघंही बरोबर असूनही आकडा हलत नाही असं वाटतं.

खारटपणा

३५ पीपीटी (हजारात ३५ भाग), म्हणजे घनता १.०२६ च्या जवळ. काटा फिरणाऱ्या प्लास्टिकच्या हायड्रोमीटरवर एक बुडबुडा चिकटला तरी आकडा चुकतो. थेंबभर पाण्यातून खारटपणा दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर चांगला, पण तो शून्यावर जुळवून भागत नाही, ३५ ला जुळवावा लागतो. घरचं द्रावण: ३६.५ ग्रॅम साधं मीठ आणि ९६३.५ ग्रॅम आरओ पाणी. यावर ३५ दिसायला हवं. पावसाळ्यात मीठ आधी तव्यावर कोरडं करून मग तोला, नाहीतर दमटपणाचंच वजन होतं. पाणी आटतं तेव्हा मीठ मागे राहतं, म्हणून रोजची भर गोड्या पाण्याचीच घाला. खारटपणा दोन-तीन पीपीटीने मागेपुढे असला तर बॅक्टेरियांचं बिघडत नाही. भर दुपारी बादलीभर गोडं पाणी घालून एकदम खाली आणला तर बिघडतं.

काय कुजतंय

सायकल सुरू करायला सोलाट कोळंबी टाकायची पद्धत इथं फार आहे, कारण कोळंबी घरात असतेच. पण एक कोळंबी किती अमोनिया सोडेल हे कुणालाच सांगता येत नाही. साठ लिटरच्या टाकीत मोठी कोळंबी दोन आठवडे कुजत राहिली तर अमोनिया खाली येणारच नाही. काढून टाका. किनाऱ्यावरून आणलेले शंख, कालवांचे दगड यांत जीव उरलेला असतो, तो मेला की वास येतो. प्रत्येक दगड उचलून नाकाशी धरा. समुद्राचा वास चालेल, सडका नको. सडका असेल तर तो दगड वेगळ्या बादलीत, पंप लावून ठेवा.

हवा आणि लाइट

हे बॅक्टेरिया ऑक्सिजनवर चालतात, आणि भरपूर लागतो: १ मिग्रॅ अमोनिया-नायट्रोजन पूर्ण बदलायला साधारण ४.६ मिग्रॅ. २५ अंशांना समुद्राच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन लिटरला पावणेसात मिग्रॅच्या आसपास मावतो, ३० अंशांना सव्वासहा. म्हणजे मे महिन्यात टाकी ३२ अंशांवर गेली तर बॅक्टेरिया उष्णतेने मरत नाहीत, पण त्यांना हवा कमी पडते. पृष्ठभाग नुसता थरथरून उपयोग नाही, उकळल्यासारखा हलायला हवा. वर तेलकट साय दिसली तर वेव्हमेकरचं (टाकीत पाणी ढकलणाऱ्या पंपाचं) तोंड वर करा. टाकीवर पंखा लावून दोन-तीन अंश उतरतात ते कोरड्या हवेत. जूनच्या दमट हवेत पंख्याचा परिणाम फारसा जाणवत नाही.

मिरगाच्या पहिल्या वाऱ्यात लाइट गेली की खरी परीक्षा. कॅनिस्टर फिल्टरमध्ये, म्हणजे टाकीबाहेरच्या बंद डब्याच्या फिल्टरमध्ये, कोंडलेलं पाणी काही तासांत ऑक्सिजन संपवतं, आतले बॅक्टेरिया मरू लागतात, आणि लाइट आल्यावर तेच घाण पाणी टाकीत येतं. ‘उतरतो आणि परत चढतो’ या लक्षणाचं आमच्या पाहण्यात सर्वांत नेहमीचं कारण हेच. तीन-चार तासांहून जास्त लाइट गेली असेल तर कॅनिस्टर सुरू करण्याआधी उघडा, आतलं पाणी फेका, स्पंज टाकीच्याच पाण्यात खंगाळा, मग लावा. नळाखाली धुवू नका. दहा-पंधरा वॅटचा एक वेव्हमेकर घरच्या इन्व्हर्टरवर जोडला तर रात्र निघते. इन्व्हर्टर नसेल तर पॉवर बँकेवर चालणारा छोटा एअर पंप घ्या. नव्या टाकीसाठी बॅक्टेरियाच्या दुसऱ्या बाटलीपेक्षा हा खर्च शहाणपणाचा.

क्षारता

याकडे दुर्लक्ष फार होतं. अमोनियाचं रूपांतर होताना पाण्यातली क्षारता, म्हणजे पीएच सावरून धरणारी ताकद, खर्च होते: २ पीपीएमच्या प्रत्येक डोसमागे सुमारे ०.६६ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक). समुद्राच्या पाण्याची क्षारता साधारण ७ असते. वरच्या उदाहरणातल्या दहा डोसनंतर ती जवळजवळ संपलेली असेल, पीएच खाली गेलेला असेल आणि बॅक्टेरिया काम थांबवत असतील. क्षारता ६ च्या खाली गेली तर खाण्याचा सोडा: १०० लिटरला ३ ग्रॅम टाकला की १ डीकेएच वाढते. आरओ पाण्यात विरघळवून, दिवसाला एवढाच. बेकिंग पावडर नव्हे, धुण्याचा सोडाही नव्हे.

याच टप्प्यावर आणखी एक स्वस्त प्रयोग करा. कोरडा चुनखडीचा दगड पाण्यातलं फॉस्फेट शोषून घेतो, आणि फॉस्फेटशिवाय बॅक्टेरिया वाढत नाहीत. शुद्ध अमोनियावर चालवलेली टाकी अडली तर माशांच्या खाद्याची एक चिमूट टाकून आठवडाभर पाहा.

पाणी कुठलं

इथं थोडं थांबून वाचा, कारण किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या चुका बहुतेक इथंच होतात.

नळाचं किंवा ग्रामपंचायतीच्या विहिरीचं पाणी असेल तर त्यात टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडलेलं असतं, पावसाळ्यात जास्तच. गावच्या जलसुरक्षकाकडे ओटी चाचणीची (पाण्यातलं क्लोरीन दाखवणारी) बाटली असते. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. तो बॅक्टेरिया मारण्यासाठीच टाकलेला असतो, टाकीतले आणि विहिरीतले तो वेगळे ओळखत नाही. रोजच्या लिटर-दोन लिटरच्या भरीने विशेष होत नाही, पण नळाच्या पाण्यात मीठ मिसळून अर्धी टाकी बदलली की नवी वसाहत मार खाते. उघड्या पिंपात एअर स्टोन लावून एक-दोन दिवस ठेवा, किंवा क्लोरीन घालवणारं हायपो वापरा.

घरच्या विहिरीचं पाणी गोड लागतं म्हणून चांगलं असं नाही. जांभ्याच्या भागात पाण्यात लोह असतं आणि पाणी किंचित आम्लधर्मीही असू शकतं. किनाऱ्यालगतच्या विहिरी एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात. घरचा पिण्याचा आरओ बऱ्याचदा चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. टीडीएस (विरघळलेले क्षार मोजणारा) मीटर लावा. आकडा ४०-५० आला तर ते पाणी प्यायला ठीक, रीफला नाही. मिसळणारा नॉब बंद करून घ्या आणि पुढे उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय रेझिनचा एक नळकांडा जोडा, आकडा शून्यावर यायला हवा. पाणी तांब्याच्या हंड्यात साठवू नका, पितळी तोटीतून खारं पाणी नेऊ नका. तांबं बॅक्टेरियांना त्रास देतं आणि पुढे कोळंबी-प्रवाळांना मारतं. निळं पिंप वापरणार असाल तर आधी त्यात कोणतं रसायन होतं ते विचारा.

राहिला दारातला समुद्र. समुद्राचं पाणी वापरता येतं, पण त्याने सायकल आपोआप होत नाही, कारण हे बॅक्टेरिया मुख्यतः पृष्ठभागांना चिकटून राहतात, पाण्यात थोडेच असतात. उलट बादलीभर पाण्यातले सूक्ष्म जीव मेले की अमोनिया वाढतो. पाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत घ्या, भरती पूर्ण होत आली असताना, खाडीच्या मुखापासून आणि जेटीच्या डिझेलपासून दूर. पावसाळ्यात खाडीजवळ खारटपणा फार उतरतो आणि गाळ येतो, तेव्हा नकोच. आणलेलं पाणी झाकलेल्या पिंपात अंधारात आठवडाभर निवू द्या, वरचं दाट कापडातून गाळा, घनता मोजा, मग वापरा.

मीठ

शिरोड्याच्या मिठागरातलं असो की दुकानातलं, खाण्याचं मीठ चालत नाही. ते जवळपास निव्वळ सोडियम क्लोराइड. मॅग्नेशियम आणि कॅल्शियम आगरातल्या उरलेल्या पाण्याबरोबर गेलेलं असतं. रीफ सॉल्टच घ्या, लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम. पिशवी उघडी राहिली तर आषाढात तिचा दगड होतो. असं मीठ वजनाला फसवं असतं आणि पूर्ण विरघळतही नाही, पाणी दुधाळ राहतं. मिसळताना आधी पाणी, मग पंप सुरू, मग थोडं थोडं मीठ. उलटं केलं तर कॅल्शियम पांढरा गाळ होऊन खाली बसतं.

वाळू आणि दगड

आपल्या किनाऱ्यावरची वाळू टाकीत नको. बरीचशी वाळू गारेची असते, आणि रत्नागिरीच्या काळबादेवीसारख्या किनाऱ्यांवर काळी, जड, इल्मेनाइटची. व्हिनेगर टाकून फेस आला तरी तो शिंपल्यांच्या तुकड्यांचाही असू शकतो, त्यावरून ठरवू नका. अॅरागोनाइटची (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू विकत घ्या, दोन-तीन सेंटीमीटर पुरे. जाड थराच्या तळाशी हवा पोचत नाही आणि तो सडक्या अंड्याचा वास तिथूनच येतो.

जिवंत प्रवाळ किंवा प्रवाळ चिकटलेला दगड समुद्रातून आणू नका. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ चं संरक्षण आहे आणि मालवणचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. मेलेला तुकडा आहे म्हणून सुटका होत नाही.

बाटली

सर्वांत शेवटी, कारण सर्वांत महाग आणि क्वचितच खरं कारण. मुंबई-पुण्याहून एप्रिलच्या उन्हात तीन दिवस कुरियरच्या गाडीत तापलेली बाटली मेलेली असू शकते. मुदत पाहा, खाऱ्या पाण्याचीच आहे का पाहा, जोरात हलवा. ओतल्यावर यूव्ही दिवा आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) ४८ ते ७२ तास बंद. टाकीत तांब्याचं औषध किंवा अँटिबायोटिक पडलेलं असेल तर कार्बन लावा, मोठा पाणीबदल करा आणि नव्याने सुरुवात धरा. बाटलीपेक्षा बरं म्हणजे ओळखीच्या कुणाच्या निरोगी खाऱ्या टाकीतला स्पंज किंवा मूठभर सिरॅमिक रिंगा, ओल्याच, तासाभराच्या आत आणलेल्या.

टाकीत मासे आधीच सोडले असतील तर हा क्रम बदलतो. अमोनिया ०.५ च्या वर दिसला की पाणी बदला, खाद्य अर्ध्यावर आणा, बाहेरून अमोनिया टाकू नका. नायट्राइटची भीती गोड्या पाण्याइतकी धरू नका. खाऱ्या पाण्यातल्या क्लोराइडमुळे माशांना त्याचा त्रास फार कमी होतो.

इथं हात थांबवा

पाण्यात हात घातल्यावर मुंग्या आल्या किंवा झटका बसला तर मेन स्विच बंद करून आधी वायरमनला बोलवा. पाण्याचं नंतर पाहू. खाऱ्या हवेत प्लग आणि हीटरची टोकं गंजतात, खारं पाणी वीज वाहून नेतं. टाकीच्या बोर्डाला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) आहे का, अर्थिंग खरं आहे का हे त्याच्याकडून तपासून घ्या. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळ प्लगमध्ये जात नाही.

काचेचा सांधा पाझरत असेल तर भरलेल्या टाकीला बाहेरून सिलिकॉन फासू नका. रिकामी करून टाकी बनवणाऱ्याकडे न्या. २०० लिटरची टाकी दगड, काच, स्टँडसह ३०० किलोच्या घरात जाते. माळ्यावर किंवा जुन्या लाकडी तक्तपोशीवर ठेवायची असेल तर आधी बांधकामातल्या माणसाला दाखवा. चिलर थंड करत नसेल तर जाळी साफ करण्यापलीकडे काही उघडू नका, ते फ्रिजवाल्याचं काम.

आणि वरचं सगळं तपासून आठ आठवड्यांनंतरही आकडे हलत नसतील, तर पाण्यात असं काहीतरी आहे जे घरच्या किटला दिसत नाही. विहिरीच्या पाण्याचा नमुना जिल्ह्याच्या पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या. खाऱ्या पाण्याबद्दल रत्नागिरीत शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात किंवा रत्नागिरीतल्याच सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्रात विचारा. जाताना वही बरोबर न्या, पहिला प्रश्न तिच्यातलाच येईल.

सायकल झाली का, हे ठरवणारी चाचणी एकच: संध्याकाळी २ पीपीएमचा डोस, चोवीस तासांनी अमोनिया शून्य आणि नायट्राइटही शून्य. दोनदा लागोपाठ जमलं की मोठा पाणीबदल करून नायट्रेट २० च्या खाली आणा, तापमान आणि खारटपणा जुळवूनच. मासे त्याच दिवशी मिळणार नसतील तर दर दोन-तीन दिवसांनी १ पीपीएम अमोनिया देत राहा. सुरुवातीला एक-दोन छोटे मासे, पुढचे तीन आठवड्यांनी. आणि शेजारी आंब्याची बाग असेल तर मोहोराच्या फवारणीच्या दिवशी त्या बाजूची खिडकी लावून घ्या, एअर पंप आतल्या खोलीत हलवा. ती कीटकनाशकं कोळंबीला फार थोड्या मात्रेतही मारतात.